शांती नावाचे तालुके

दिवस पहिला : शेन्झेन

माझ्या भाचीचं, सायलीचं, घर शेन्झेनच्या लोंगगांग भागात एकविसाव्या मजल्यावर आहे. खिडकीतून खाली पाहिलं की टॉवरांच्या गर्दीत कौलांचा एक काळपट, अवाढव्य पसारा दिसतो. आल्या सकाळी चहा पिताना मी विचारलं, "हे काय गं खाली?"

"वाडा. आज तिथेच जायचंय. तुझ्या खात्यातलं काम आहे, मामा."

माझं खातं म्हणजे महसूल. कारकून म्हणून लागलो, नायब तहसीलदार म्हणून सुटलो. मधली ३४ वर्षं फेरफार, वारसनोंदी आणि रहिवासी दाखल्यांत गेली. चीनला जाऊन भिंत न बघता परत येणारा पहिला माणूस तुम्हीच असाल, असं बायकोने निघताना ऐकवलं होतं. पण सायलीच्या ऑफिसातली एक मैत्रीण हाक्का, म्हणजे दक्षिण चीनमधल्या त्या नावाच्या समाजातली आहे. तिने आठ दिवसांचा रस्ता आखून दिला, आणि तो पाहूनच माझी भिंतीची हौस फिटली.

वाड्याचं नाव हहू शिन्जू. लुओ नावाच्या घराण्याने बांधलेला, १८१७च्या सुमारास पुरा झालेला. पुढे अर्धचंद्राकृती तळं, आत तीनशेच्या वर खोल्या. आता संग्रहालय आहे. लुओ मूळचे ईशान्येकडच्या डोंगरातल्या शिंगनिंगचे. म्हणजे हाक्का. या शब्दाची चिनी अक्षरं दोन, पाहुणा आणि घर. पाहुण्यांची घराणी.

पाहुणे कुणाचे, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर ऐकून जुनी फाइल उघडल्यासारखं वाटलं. १६६२मध्ये छिंग राजवट नवी होती आणि तैवानात झेंग घराणं तिला दाद देत नव्हतं. किनाऱ्यावरून शत्रूला धान्य जाऊ नये म्हणून सरकारने हुकूम काढला : समुद्रापासून ५० ली, म्हणजे साधारण २५ किलोमीटर, सगळी वस्ती उठवा. घरं जाळली, शेतं ओस पडली, हाकललेले लोक उपाशी मेले. १६६९मध्ये परतायची मुभा मिळाली तेव्हा परतायला पुरेशी माणसंच उरली नव्हती. पडीक जमिनीला सारा नसतो. मग अधिकाऱ्यांनी डोंगरातल्या लोकांना बोलावलं, या आणि कसा. पाहुणे असे आले. आमंत्रण सरकारचं, पंगत गावकऱ्यांची.

पुढे दीडशे वर्षांनी, १८१९मध्ये, या भागाचा सरकारी वृत्तान्त छापला गेला. सायलीने फोनवर त्याची पानं काढून दाखवली. गावांच्या याद्या दोन. एक मूळच्यांची, एक पाहुण्यांची. मला आपले मिरासदार आणि उपरी आठवले. पेशवाईतल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राबूनही उपरी तो उपरीच.

आणखी एक नियम ऐकला. शाही परीक्षेला बसायचं तर त्या तालुक्यात नाव नोंदलेलं हवं, वीस वर्षांचं वास्तव्य हवं, शिवाय जमीन, घर आणि पूर्वजांची थडगी तिथे हवीत. आमच्याकडे रहिवासाला पंधरा वर्षं लागतात, पण आजोबांच्या थडग्याचा उतारा मी कधी कुणाकडे मागितला नाही.

दिवस दुसरा : गान्झोऊ

वेगवान गाडीने दोन तासांत जियांगशी प्रांत. हवा गार, डोंगर जवळ. गान्झोऊत दोन नद्या मिळून गान नदी होते आणि त्या संगमावर सोंग राजवटीच्या काळातला विटांचा तट अजून साडेतीन किलोमीटरवर उभा आहे. आम्ही तटावरून चाललो. खाली होड्या जोडून केलेला पूल आहे. त्यावरून एक माणूस सायकलला कोबीची पोती बांधून चालला होता.

या शहराचं महत्त्व नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. जियांगशी, फुजियान, ग्वांगडोंग आणि हूनान हे चार प्रांत याच्या आसपासच्या डोंगरात एकमेकांना चिकटतात. हद्दीवरचा गुन्हा म्हणजे काय ते माझ्यासारख्याला सांगावं लागत नाही. प्रेत ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे यावरून दोन ठाण्यांची तासभर हुज्जत मी उभं राहून ऐकलेली आहे. इथे तर चार प्रांत होते. एका प्रांताची फौज आली की माणसं कड्यापलीकडे दुसऱ्या प्रांतात. शेवटी छिंगच्या आधीच्या मिंग सरकारने १४९५मध्ये चारही हद्दींवर मिळून एक स्वतंत्र अधिकारी नेमला आणि त्याची कचेरी गान्झोऊला ठेवली.

या खुर्चीवर १५१७मध्ये वांग यांगमिंग येऊन बसला. चीनच्या मोठ्या तत्त्वज्ञांतला एक. माणसाच्या मनातच खरं-खोटं ओळखायची जाण असते, असं शिकवणारा. आल्या आल्या त्याने काय केलं? दहा-दहा घरांचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक पाटी दिली. कुणाकडे कोण राहतं, काय धंदा करतं, पाहुणा कोण आलाय, ते पाटीवर लिहायचं आणि रोज आळीपाळीने घरोघर फिरून ताडून पाहायचं. अनोळखी माणूस लपवला तर दहाही घरं दोषी. शिरगणती, पोलीस पाटील आणि शेजारी, तिन्ही एका फळीवर.

त्यापुढची गोष्ट तटावर बसून ऐकली आणि मला ती रात्रभर पुरली. दक्षिणेला ली-टौच्या डोंगरात ची झोंगरोंग नावाचा म्होरक्या होता. वांगने त्याला भेटी पाठवल्या, अभय दिलं, फौजा परत पाठवल्याचं नाटक केलं. ची आपली नव्वदेक माणसं घेऊन गान्झोऊला आला. वर्षअखेर होती, नवं वर्ष तोंडावर. शहरात दिवे लागले होते. वांगने आग्रह करून ठेवून घेतलं, कपडे दिले, मेजवान्या दिल्या. आणि १५१८चं नवं वर्ष लागताच सगळ्यांना मारलं. शाहिस्तेखान, अफजलखान ऐकत वाढलेल्या माणसाला दगाफटका नवा नाही. पण इथे दगा करणारा राजगुरूसारखा माणूस, आणि त्याच मोहिमेतल्या पत्रात त्याने लिहिलं की डोंगरातले चोर मारणं सोपं, मनातले चोर मारणं अवघड. हे वाक्य चीनभर सुविचार म्हणून चालतं. ची झोंगरोंगच्या बाजूने विचार केला तर ते जरा वेगळं ऐकू येतं.

मारून झाल्यावर वांगने जे केलं ते माझ्या खात्याचं काम. जिथे जिथे बंड झालं, तिथे तिथे नवा तालुका मागितला. (चिनी श्यन हा आपल्या तालुक्याहून मोठा, पण कचेरी तीच : सारा, तुरुंग, शिक्का.) जियांगशीत चोंगयी, फुजियानात पिंगह, ग्वांगडोंगमध्ये हपिंग. सायलीला अर्थ विचारले. चोंगयी म्हणजे धर्माचा आदर. पिंगह म्हणजे शांती. "आणि हपिंग?"

"तेच, मामा. पिंगह उलटं लिहिलं की हपिंग. तीही शांतीच."

हॉटेलात परत आल्यावर मी वहीत पाच रकाने आखले. अनुक्रमांक, तालुका, स्थापना, अर्थ, शेरा. सवय जात नाही.

ते डोंगरातले लोक हाक्का होते का? मिंगच्या कागदांत हा शब्दच नाही. तिथे चोर आहेत, फिरस्ते आहेत, श नावाचे मूळचे डोंगरी लोक आहेत, आणि शरण आलेल्यांना एक गोड नाव आहे, नवे रयत. आज त्याच खोऱ्यांत राहणारी माणसं स्वतःला हाक्का म्हणवतात. पाहुणा हा शब्द त्यांना फार उशिरा, डोंगर उतरून दुसऱ्याच्या शिवारात गेल्यावर चिकटला. उत्तरेकडच्या मूळ चिनी कुळांची पाच स्थलांतरं, अशी त्यांची कुळकथा १९३३मध्ये लुओ श्यांगलिन या अभ्यासकाने मांडली. हाक्कांना ती अतिशय आवडते. मला वाटतं, कागदोपत्री चोर म्हणून नोंद झालेल्या माणसाला कुलीन पूर्वज लागतातच. आमच्याकडेही जमीन आली की मागोमाग वंशावळ येते.

दिवस तिसरा : छांगटिंग

पाऊस. दुपारच्या गाडीने सीमा ओलांडून फुजियानात उतरलो. छांगटिंग म्हणजे जुनं टिंगझोऊ. ७३६पासून इथे सरकारी ठाणं आहे. हाक्का मुलुखातल्या जुन्या कचेऱ्यांतली एक म्हणा. तट नदीकाठाने जातो. तटाखाली बायका छत्री खांद्याने धरून कपडे धूत होत्या.

जुनी परीक्षाशाळा बघायला गेलो. टिंगझोऊच्या हाताखालच्या आठ तालुक्यांची पोरं इथे परीक्षेला येत. आवारात सरूसारखे दोन फार जुने वृक्ष आहेत. अठराव्या शतकात जी युन हा परीक्षाधिकारी इथे मुक्कामाला होता. त्याने लिहून ठेवलंय की चांदण्यात त्याला झाडाच्या शेंड्यावर तांबड्या कपड्यांतली दोन माणसं दिसली. त्यांनी याला वाकून नमस्कार केला आणि हळूहळू विरली. दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन दोन्ही झाडांना परत नमस्कार घातला. टिंगझोऊत साहेबाने उलट नमस्कार केलेली मंडळी मला तरी एवढीच सापडली.

आठ तालुक्यांतली दोन नावं वहीत गेली. ग्वेहुआ, १४७०. अर्थ : परत या, वळणावर या. आता ते नाव बदलून मिंगशी केलंय, बरं केलं. दुसरं योंगडिंग, १४७८. अर्थ : कायमचं स्थिर. त्याआधी तिथे बंड झालं होतं, हे न विचारताही समजावं.

पण छांगटिंगमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मिठाची आहे. सोंग काळात मीठ सरकारी मक्त्याचं. टिंगझोऊला मीठ यायचं फूझोऊकडून, डोंगर चढून, वर्ष वर्ष लागून. महाग आणि मातकट. त्यापेक्षा दक्षिणेला ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर स्वस्त मीठ होतं, फक्त ते बेकायदा होतं. मग शेती आटोपली की गावची गावं हत्यारं घेऊन मिठाला जात. वाटेत शिपाई भेटले तर मारामारी. सरकारदप्तरी हे सगळे मीठचोर, दरोडेखोर. १२३०च्या दशकात इथे सोंग त्स नावाचा अधिकारी आला. पुढे प्रेतपरीक्षेवरच्या ग्रंथाने जगभर प्रसिद्ध झाला तोच. त्याने सरळ सरकारी मीठच दक्षिणेकडून, छाओझोऊहून, टिंग नदीने होड्यांतून वर आणायची परवानगी मिळवली. तीन महिन्यांत फेरी पुरी होऊ लागली. चोरवाट होती तीच हमरस्ता झाली आणि चोर होते ते नावाडी झाले. या माणसाने प्रेतं इतकी नीट का तपासली तेही मला मग कळलं. त्याला कारण शोधायची खोड होती.

रात्री बूट वर्तमानपत्रं कोंबून वाळत ठेवले. वाळले नाहीत.

दिवस चौथा : योंगडिंग

लोंगयानहून भाड्याच्या गाडीने गाओबेई. वळणं घेत उतरताना खाली दरीत ते दिसलं : मातीचं प्रचंड, गोल, बिनखिडक्यांचं काहीतरी. चंगचीलोऊ. १७०९मध्ये पुरी झालेली जियांग कुळाची तुलोऊ, म्हणजे मातीची इमारत. २००८मध्ये अशा ४६ इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतली ही एक.

मराठीत याला एकच शब्द बसतो, गढी. आपल्या गढ्यांची माती पांढरी, इथली पिवळट. चोपून चोपून दगडासारखी केलेली. पण आपली गढी देशमुखाची, एका धन्याची. आत धनी वर आणि बाकीचे खाली. इथे एकाला एक लागून चार कडी आहेत, एकात एक, आणि सगळ्यांत बाहेरच्या चार मजली कड्यात दर मजल्याला ७२ खोल्या, सगळ्या सारख्या. भावाच्या वाट्याला उभी फाक येते : तळाला चूल, पहिल्या मजल्यावर धान्य, त्यावर निजायच्या खोल्या. खालच्या दोन मजल्यांना बाहेर खिडकी नाही. वाटणीचे शेकडो दावे पाहिलेल्या माणसाला ही रचना पाहून कौतुक वाटतं आणि संशयही येतो. खोल्या सारख्या केल्या, पण कोपरा नाही म्हणून कुणी रडलं नसेल? गोलाला कोपरा नसतो, हे त्यातलं खरं चातुर्य.

माहितीफलकांवर आणि पर्यटकांच्या तोंडी एकच कथा असते : दरोडेखोरांपासून बचाव. ती खोटी नाही. सोळाव्या शतकात किनाऱ्यावर चाचे आणि डोंगरात टोळ्या होत्या, आणि फौज बोलावली तर ती कधी येईल आणि आल्यावर काय खाईल याचा भरवसा नव्हता. पण म्हणून ही सरकारविरुद्धची भिंत आहे, असं जे सुचवलं जातं ते मला पटत नाही. दाराच्या दोन्ही अंगांना इमारतीच्या नावाने सुरू होणारी जोडओळ आहे. पूर्वजांचं शील म्हणजे कष्ट आणि काटकसर, वंशजांचा बेत म्हणजे वाचणं आणि नांगरणं. आता नांगरलं की सारा आणि वाचलं की परीक्षा. दोन्ही वाटा तालुक्याच्या कचेरीतच जातात. दार जाड होतं ते वाटमाऱ्यांसाठी. कचेरीची वाट मात्र त्यांनी रोज झाडून ठेवलेली होती.

पैसा आला तो बराचसा तंबाखूचा. योंगडिंगची बारीक कातरलेली तंबाखू देशभर जाई. शेजारच्या होंगकेंग गावची झनचंगलोऊ ही डौलदार इमारत तर तंबाखू कातरायच्या सुऱ्या विकून उभी राहिली. १९१२मध्ये, म्हणजे बादशाही संपली त्याच वर्षी.

रात्री एका जुन्या इमारतीतच राहिलो. तिसऱ्या मजल्यावरची लाकडी खोली, संडास खाली अंगणापलीकडे. आमच्या यजमान आजी सत्तरीच्या. चहा देता देता त्यांनी सायलीला काहीतरी विचारलं आणि दोघी हसल्या.

"काय म्हणतायत?"

"तुझा मामा मघापासून खोल्या का मोजतोय, कर बसवायला आलाय का, असं विचारतायत."

दिवस पाचवा : ताश्या

सकाळची बस चुकली. वेळापत्रक लावलेलं होतं, बसने ते वाचलेलं नव्हतं. गाडीवाल्याने तिप्पट पैसे घेतले आणि वर सिगारेट ओढत गाडी चालवली.

ताश्या हे ओढ्याकाठचं झांग कुळाचं गाव. पाहण्यासारखं म्हणजे कुलदैवतांचं, खरं तर कुलपूर्वजांचं, देऊळ आणि त्यापुढच्या अर्धवर्तुळ तळ्याभोवतीच्या दगडी काठ्या. वीसहून जास्त, ताडमाड, अंगाला दगडी नाग गुंडाळलेले. मला वाटलं नाग, सायली म्हणाली ड्रॅगन. कुळातला मुलगा वरची परीक्षा पास झाला किंवा हुद्द्यावर चढला की एक काठी रोवायची. टोकाला कुंचला असला तर तो लेखणीचा माणूस, सिंह बसलेला असला तर तलवारीचा. म्हणजे गावात शिरणाऱ्याला लांबूनच मोजता यावं, या कुळाची सरकारात माणसं किती.

बाकी दिवस प्रवासात. हद्द ओलांडून ग्वांगडोंग. पाय सुजले.

दिवस सहावा : मेझोऊ

न्याहारीला सायलीने मला यान्म्येन नावाच्या शेवया आणून दिल्या आणि स्वतःला सूप मागवलं. शेवयांवर तळलेला लसूण, वास असा की मी बोललो नाही, आधी खाल्ल्या. मग विचारलं, फोडणी कशाची?

"डुकराच्या चरबीची. खाऊन झालंय ना, मग कशाला विचारतोस?"

आपल्याकडे प्रत्येक गाडीवर मिळणाऱ्या हक्का नूडल्सचा आणि या शेवयांचा संबंध नावापुरता आहे, पण तो खोटा नाही. कोलकात्यात जाऊन कातडी कमावणारे बहुतेक चिनी याच मेझोऊ भागातले हाक्का. कोलकात्यातल्या त्यांच्या टांगरा वस्तीतल्या चुलींवरून ते नाव भारतभर गेलं. कोबी आणि शिमला मिरची मात्र आपली.

सायलीच्या सुपाचं नाव सान्जीदी. तीन उत्तीर्ण. काळीज, मांस आणि आतडं, हे तीन तुकडे म्हणजे बादशहासमोरच्या अखेरच्या परीक्षेतले पहिला, दुसरा, तिसरा. परीक्षा १९०५मध्ये बंद झाली. सूप सकाळी सहापासून मिळतं. ज्यांना चोर म्हणून नोंदलं त्यांच्या नातवंडांनी सरकारला असं वाडग्यात घेतलं.

मेझोऊचं जुनं नाव जियायिंग. १७३३मध्ये बादशहा योंगझेंगने आसपासचे पाच तालुके मिळून थेट प्रांताच्या हाताखाली याचा स्वतंत्र विभाग केला. जमीन थोडी, डोंगर फार, त्यामुळे हुशार पोरं पुस्तकांकडे आणि बाकीची जहाजांकडे. दोन्ही वाटा ज्याच्यात एकत्र आल्या त्या हुआंग झुनश्यानचं घर दुपारी पाहिलं. रन्जिंगलू, १८८४चं, बुटकं आणि सुंदर. हा कवी, परीक्षा पास झालेला, आणि छिंग सरकारचा परदेशातला वकील, म्हणजे राजनैतिक प्रतिनिधी : तोक्यो, सॅन फ्रान्सिस्को, लंडन, सिंगापूर.

सिंगापुरात त्याने पाहिलं की लाखो रुपयांचे मालक असलेले आपलेच गाववाले घरी परतायला भितात. कारण कायद्याने परवानगीवाचून देश सोडणं गुन्हा होता. परतलेल्या माणसाला गावात उतरताच कचेरीतली माणसं गाठत, पळून गेलास, समुद्रावरच्या चोरांना सामील होतास, काढ पैसे. कचेरीतली माणसं म्हणजे कारकून. मी हे फलकासमोर जरा कान पाडूनच ऐकलं. हुआंगने वर लिहिलं, लंडनमधल्या श्वे फूचंग या वकिलाने ते बादशहापर्यंत नेलं, आणि १८९३मध्ये ती बंदी उठली. त्याच वर्षी पलीकडच्या दापू तालुक्यातला झांग बिशी, जो पोरवयात फाटक्या खिशाने जावा-सुमात्राकडे गेला होता, तो पेनांगमध्ये छिंग सरकारचा वकील झाला. सरकारला पैसा लागला की गुन्हेगार आणि मान्यवर यांच्यातली रेघ पुसता येते. रबर आम्हीही वापरतो.

हुआंगचा शेवट मात्र चांगला नाही. १८९८च्या सुधारणांत तो होता. त्या चिरडल्या गेल्या, नोकरी गेली, आणि तो या घरात परत येऊन १९०५मध्ये वारला.

वहीत आज चार नावं. पिंगयुआन, १५६२. झेनपिंग, १६३३, अर्थ : दाबून शांत केलेलं. चांगनिंग, १५७६, दीर्घ शांती. योंगआन, १५६९, कायमचं क्षेम. यांतली शेवटची तीन आज नकाशावर सापडत नाहीत. १९१४मध्ये नव्या प्रजासत्ताकाने देशभरचे तालुके तपासले तेव्हा एकाच नावाचे अनेक निघाले. दबलेल्या बंडाला शांती म्हणायची कल्पना प्रत्येक प्रांतातल्या साहेबाला स्वतंत्रपणे सुचली होती. मग झेनपिंगचं जियाओलिंग झालं, चांगनिंगचं शुन्वू, योंगआनचं झिजिन.

दिवस सातवा : गाडीत

मेझोऊ ते ग्वांगझोऊ, तिथून ताइशान. दिवसभर खिडकी.

ग्वांगझोऊच्या उत्तरेला जुना हुआ तालुका लागतो. तिथल्या एका हाक्का घरातला हुशार मुलगा १८२७पासून ग्वांगझोऊला परीक्षेला येत राहिला आणि चार वेळा नापास झाला. होंग श्यूच्युआन. पुढे त्याला साक्षात्कार झाला की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत, आणि १८५१मध्ये ग्वांगशीतल्या हाक्का खाणमजूर-शेतकऱ्यांना घेऊन त्याने ताइपिंग बंड उभारलं. ताइपिंग म्हणजे महाशांती. सरकारचाच शब्द, या वेळी उलट बाजूने. नानजिंग घेतल्यावर त्याने पहिल्या काही कामांत एक काम केलं : स्वतःची परीक्षा सुरू केली. नापास विद्यार्थ्याला याहून मोठा सूड सुचणार नाही.

आणि ज्या दशकात हे हाक्का बादशहाविरुद्ध लढत होते, त्याच दशकात इथे ताइशानकडे दुसरे हाक्का बादशहाच्या बाजूने लढत होते.

दिवस आठवा : चिशी

ताइशानहून बसने दक्षिणेला, समुद्राच्या दिशेला. बसमध्ये आम्ही, कोंबड्यांची एक टोपली आणि शाळेतून लवकर सुटलेली तीन मुलं.

ताइशानचं जुनं नाव शिन्निंग. १४९९. नवी शांती. इथे पाहुणे आणि मूळचे यांची गावं एकमेकांना लागून होती : पाण्याचे तंटे, खंडाचे तंटे, आणि परीक्षेत पाहुण्यांना वेगळ्या जागा द्यायच्या की नाही हा तंटा. १८५४मध्ये लाल पटके बांधलेल्या टोळ्यांनी बंड केलं. सरकारने हाक्का गावांना हत्यारं देऊन त्यांच्यावर घातलं. हाक्कांनी कामगिरी चोख बजावली, आणि बंडात सामील झाले म्हणून मूळच्यांची गावंही धुऊन काढली. सरकार पुढे गेलं. हत्यारं मागे राहिली, शेजारीही मागे राहिले. १८५५ ते १८६७, बारा वर्षं गावागावांत कत्तल चालली. काही लाख माणसं मेली असा अंदाज आहे. पकडलेली माणसं मकाऊच्या दलालांना विकली गेली आणि तिथून क्यूबा-पेरूच्या मळ्यांवर गेली.

शेवटी प्रांताचा प्रमुख जियांग यीली फौज घेऊन उतरला. तोडगा काय? उठवणी. हाक्कांना ग्वांगशीकडे, लेइझोऊकडे, हाइनान बेटाकडे पाठवायचं, वाटखर्चाला मोठ्या माणसाला ८ ल्यांग चांदी आणि लहानाला ४. एक ल्यांग म्हणजे आपल्या तीन तोळ्यांहून थोडी जास्त. आकडा ऐकला आणि मला आमच्या कचेरीतल्या वाटपाच्या याद्या दिसल्या. अंगठ्यांचे ठसे, मयताच्या नावापुढे वारसाचं नाव, आणि वयाचा दाखला नाही म्हणून अर्धी रक्कम कापलेली पोरं. जे हलले नाहीत त्यांच्यासाठी शिन्निंगचा हा समुद्राकडचा तुकडा तोडून १८६७मध्ये वेगळी कचेरी केली. चिशी. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांना किनाऱ्यावर बोलावलं, त्यांना किनाऱ्याचंच एक टोक नेमून दिलं.

चिशीत बघण्यासारखं काही नाही. एक रस्ता, दोन्हीकडे टाइल लावलेली घरं, मासळीचा वास. सायली एका चहाच्या दुकानात म्हाताऱ्यांशी बोलत बसली. त्यांच्यातल्या एकाने तिच्या मँडरिनला उत्तर दिलं आणि मग शेजाऱ्याकडे वळून वेगळ्याच भाषेत काही म्हणाला. आठ दिवसांत कानाला तेवढी ओळख झाली होती. हाक्का. चहूकडे ताइशानी बोली, मध्ये हा गल्लीएवढा आवाज.

"विचार, नावाचा अर्थ काय?" मी म्हणालो. मी वही काढून तयार होतो. धर्म, क्षेम, स्थैर्य, शांती, काय असेल ते.

म्हाताऱ्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि दोन अक्षरं लिहिली. मग दाराबाहेर बोट केलं.

"लाल ओढा," सायली म्हणाली. "इथल्या ओढ्याचं नाव. बस, एवढंच."

अर्थाच्या रकान्यात मी लाल ओढा लिहिलं. स्थापना, १८६७. शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून बराच वेळ बसलो. ताइशानची शेवटची बस साडेचारला होती, आणि ही मात्र वेळेवर आली.